अर्धा ड्रम

"पेशंट बोलतेय का?" हा प्रश्न माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हता. तरी मी विचारला.

"बोलतेय सर. पण मळमळ आहे, घाम आहे, पोटात मुरडा आहे. तुम्ही मला फक्त एवढं सांगा, ह्याला अँटिडोट काय?"

फोनवर तरुण डॉक्टर होती. आवाजात घाई होती आणि ती लपवायची धडपडही होती. मागे कुठेतरी दार उघडलं आणि बिजागरी करकरली. ती करकर मी ओळखली. त्या बिजागरीला तेल घालायचं मी कैक वर्षं म्हणत आलो होतो आणि कधी घातलं नव्हतं.

"तुम्ही जाफराबादहून बोलताय? बसस्टँडच्या मागचा दवाखाना?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तिथं आधी मी बसायचो."

मी सोडल्यावर घरमालकाने तो गाळा खाटा-कपाटांसकट कुणा डॉ. प्रणिताला दिला, एवढं माझ्या कानावर आलं होतं. आमची भेट कधी झाली नव्हती. ती आता अशी झाली.

पुढे जाण्याआधी माझं काम काय ते सांगतो, कारण ते माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही अजून समजलेलं नाही. मी एमबीबीएस. जाफराबादला बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस केली. मग दवाखाना बंद केला आणि जालन्यात एका कंपनीत नोकरी धरली. लोकांना वाटतं, काहीतरी घडलं असणार. मारहाण, कोर्टकेस, निदान बदनामी तरी. तसं काही नाही. मला झोप पाहिजे होती. कुणी दाराची कडी न वाजवता सलग सकाळपर्यंतची झोप. डॉक्टरने असं कारण दिलं की लोकांना ते पटत नाही, म्हणून मी कंबरदुखी सांगतो. मेव्हणा मात्र चारचौघांत म्हणाला, "दाजी, मालक होते, सालदार झाले की हो!" आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याला सालदार म्हणतात. मी हसलो. खोटं नव्हतं ते.

माझ्यासारखे आता पुष्कळ आहेत. याला नॉन-क्लिनिकल म्हणतात. डिग्री डॉक्टरचीच लागते, फक्त पेशंटला हात लावायचा नसतो. माझ्या बॅचचा एकजण विम्याचे क्लेम तपासतो. एक पुण्यात मेडिकल कोडिंग करतो, म्हणजे आजारांचे आकडे बनवतो. माझी कंपनी शेतीची औषधं बनवते. शेतकरी त्याला औषध म्हणतो, आम्ही प्रॉडक्ट म्हणतो, आणि अंगात गेलं की त्याला विष म्हणतात. प्रत्येक बाटलीवर एक टोल-फ्री नंबर असतो. त्यावर एखाद्या दवाखान्याचा फोन आला की ऑपरेटर तो माझ्याकडे देतो.

पहिल्याच दिवशी बोरासाहेबांनी मला नियम समजावले होते. बोरासाहेब आमचे बॉस. जुन्या जालन्यातल्या कापड दुकानदाराच्या घरातले, तोलूनमापून बोलणारे. "डॉक्टरसाब, आपण माहिती देतो, इलाज न्हाई. इलाज केला की जिम्मेदारी आली." म्हणून प्रत्येक प्रॉडक्टचा मंजूर मजकूर असतो. बाटलीचं नाव आणि बॅच नंबर विचारायचा, मजकूर वाचायचा, आणि 'उपचाराचा निर्णय तुमचा' असं म्हणून फोन ठेवायचा. नातेवाइकांशी बोलायचं नाही. आपण होऊन उलट फोन करायचा नाही. सगळं रेकॉर्ड होतं.

तर प्रणिताने मला बाटलीचं नाव सांगितलं. आमचं सगळ्यात नवं आणि सगळ्यात महाग कीटकनाशक. माणसाच्या बाबतीत त्यातल्या त्यात मवाळ. मी मजकूर वाचला. विशिष्ट अँटिडोट, म्हणजे उतारा, नाही. लक्षणांप्रमाणे उपचार करावेत. पेशंटला देखरेखीखाली ठेवावं.

"म्हणजे फार घाबरायचं कारण नाही ना?" तिचा आवाज लगेच सैल पडला. "सलाईन लावलंय. उलटीचं इंजेक्शन देते आणि संध्याकाळी घरी सोडते."

नियमाप्रमाणे इथे फोन ठेवायचा होता.

पण कपाशीवर फवारणीचे दिवस होते, आणि त्या खुर्चीत बसून मी असे दिवस पुष्कळ पाहिले होते. आमच्या भागातल्या माणसांची एक रीत आहे. विषबाधा झाली की ते बाटली सोबत घेऊन येतात, हे चांगलं. पण आणतात ती महागातली बाटली. त्यांच्या मनाने, जे महाग ते कडक, आणि जे कडक त्यानेच बाधा होणार. घरातलं जुनं, स्वस्तातलं, कोपऱ्यात पडलेलं जे काही त्याच ड्रममध्ये ओतलेलं असतं, त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही. लपवत नाहीत. त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

"डोळ्यातल्या बाहुल्या कशा आहेत?" मी विचारलं.

"नॉर्मल वाटतात. मी बघितलं सर. मला पण आधी ऑर्गॅनोफॉस्फेटचाच संशय आला होता. पण बाहुल्या बारीक नाहीत, तोंडाला लाळही नाही."

ऑर्गॅनोफॉस्फेट हा जुन्या कीटकनाशकांचा एक गट. उग्र वासाचा. तो कातडीतूनही अंगात जातो आणि मग शरीरातले सगळे नळ एकदम उघडतात. घाम, लाळ, जुलाब, आणि शेवटी छातीत पाणी. माणूस कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. यावर ॲट्रोपिन नावाचं औषध आहे आणि ते वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं ही त्याची खूण. ती दिसली नाही म्हणून प्रणिताने तो विषय सोडला होता. तिची चूक नव्हती.

"तुमच्याकडे यायच्या आधी गावात कुणाला दाखवलं होतं का? पोटदुखीचं इंजेक्शन वगैरे?"

तिने मागे वळून सोबत आलेल्या नवऱ्याला विचारलं. उत्तर मला फोनवरूनच ऐकू आलं. "हो ना. गावातल्या डाक्टरनं एक सुई देल्ती. मुरडा थांबला थोडा."

पोटाचा मुरडा थांबवणाऱ्या काही इंजेक्शनांची जात ॲट्रोपिनशी जवळची असते. थोडा वेळ ती खुणा झाकून ठेवू शकतात. विष तिथेच असतं, वर फक्त चादर असते.

"मॅडम, नवऱ्याला फोन द्या."

"तुम्ही बोलणार त्याच्याशी?"

"द्या."

नवऱ्याचं नाव कडुबा. बायको मंगल. घरची शेती, घरची जनावरं, खाऊनपिऊन सुखी कुटुंब. हे सगळं मला नंतर कळलं. त्यावेळी फक्त आवाज आला, आणि तो आवाज ओला होता. बोलायच्या आधी तो खोकला आणि त्याने काहीतरी गिळलं.

"बोला साहेब."

"ड्रममध्ये काय काय टाकलं होतं?"

"हेच की. तुमचंच. लय भारी हाय म्हणून दुकानदारानं देल्तं."

"आणि बाकी?"

"बाकी काई न्हाई."

"पिकाचं टॉनिक?"

"ते तर टाकावंच लागतं."

"आणि घरातलं जुनं काही?"

तो पुन्हा खोकला. "ते व्हय... मागल्या सालचं जरासं राह्यलं होतं. वास मारतं बघा, ते. पर ते साधं हाय साहेब. स्वस्तातलं. त्यानं काय होतंय?"

"कालवलं कुणी?"

"मंगलनंच. हातानं. मी पंप भरून राह्यलो होतो."

म्हणजे तिने ते मिश्रण कोपरापर्यंत हात घालून ढवळलं होतं. आणि नंतर त्याच हाताने भाकरी खाल्ली असणार.

"तुमचा पंप पाठीवरचा? गळतो?"

"गळतो जरासा. पाठ वली होते, तेवढंच."

"खोकला कधीपासून आहे?"

"धुरळा गेला असंल. मला काई न्हाई झालं साहेब, हिचं बघा तुम्ही."

"कडुबा, नीट ऐका. तुमच्या अंगातही तेच विष गेलंय. आत्ताच्या आत्ता ते कपडे काढा, साबण लावून अंघोळ करा आणि तिथंच थांबा. मॅडम तुम्हाला पण तपासतील. तुम्हाला पण ॲडमिट व्हायचंय. कळलं?"

"हो साहेब. बराबर."

मी प्रणिताला सगळं सांगितलं. ॲट्रोपिन चालू करा, छाती कोरडी होईपर्यंत देत राहा, बाहुल्यांवर भरवसा ठेवू नका, आणि नवऱ्यालाही बघा. हा इलाज होता. माहिती नव्हती. मला ते कळत होतं आणि मी ते बोलत होतो.

"ॲट्रोपिन डाव्या कपाटात, वरच्या खणात," मी सवयीने म्हणालो.

"तिथं आता सिरिंज असतात सर. मला माहीत आहे कुठं आहे ते."

तिने फोन ठेवला.

त्यानंतर एका दुकानदाराचा फोन आला, मग परभणीकडच्या एका डॉक्टरचा. मी मजकूर वाचले. पण डोक्यात तो "हो साहेब, बराबर" अडकून बसला होता. आमच्याकडे पेशंट डॉक्टरला नाही म्हणत नाही. नाही म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. तो मान हलवतो, बराबर म्हणतो, आणि बाहेर जाऊन मनाला येईल ते करतो. दवाखान्यात असताना मी शब्द ऐकायचो नाही, चेहरा बघायचो. पाय दाराकडे वळलेत का ते बघायचो. फोनवर पाय दिसत नाहीत.

चहाच्या सुट्टीत मी गेटबाहेर गेलो आणि स्वतःच्या मोबाईलवरून दवाखान्यात फोन लावला.

"सर, बरं झालं तुम्ही फोन केला," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज आता डॉक्टरचा होता. "छातीत घरघर सुरू झालीच होती. ॲट्रोपिनने कमी होतेय. वाचेल असं वाटतंय."

"नवरा?"

"त्याला तपासायला बोलावलं तर म्हणाला, आधी हिचं होऊ द्या. मग मी हिच्यातच अडकले. आता तिची जाऊ सोबत बसलीय. तो डबा आणि कपडे घेऊन येतो म्हणून गेला, मोटरसायकलवर."

"अंघोळ केली?"

"नाही."

"मंगलबाईंना विचारा, तो खरंच कुठं गेलाय."

ॲट्रोपिनने तोंड सुकतं, जीभ टाळूला चिकटते. मंगलचे शब्द तुटक येत होते. प्रणिताने फोन तिच्या तोंडाजवळ धरला असावा.

"ड्रम... अर्धा राह्यलाय."

हे शहरातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. एकदा पाण्यात कालवलेलं औषध दुसऱ्या दिवशी कामाचं राहत नाही, असं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कालवलं की संपवायचं. अंधार पडो, अंगात कणकण असो, घरात कुणी आजारी पडो. ताटात वाढलेलं टाकू नये, तसंच हे. कडुबाने बायकोला दवाखान्यात आणलं, सलाईन लागलेलं पाहिलं, डॉक्टरीणबाई हुशार आहेत अशी खात्री केली, आणि मग त्याला ड्रम आठवला. त्याला स्वतःच्या जिवाची फिकीर नव्हती असं नाही. स्वतःला काही झालंय हेच त्याला मान्य नव्हतं.

प्रणिताकडून त्याचा नंबर घेतला. रिंग वाजत राहिली. फवारताना मोबाईल भिजू नये म्हणून लोक तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बांधावरच्या झाडाला अडकवतात. त्याचाही तसाच कुठेतरी वाजत असणार.

त्या गावात मला एक माणूस माहीत होता. एकनाथतात्या. त्यांचा दमा मी वर्षानुवर्षं सांभाळला होता.

"डॉक्टरसाब! किती दिसानं याद आली! काय करून राह्यले सध्या?"

"तात्या, ते राहू द्या. कडुबाचं वावर माहीत आहे?"

"आपल्या बांधालाच तर हाय. मघाच गेला इथून. पंप घेऊन चालल्ता. का वो?"

"त्याला थांबवा. जल्दी जा. त्याला विष चढलंय. तो आणखी फवारतोय."

तात्यांनी काही विचारलं नाही. फोन चालूच राहिला असावा, कारण मला त्यांच्या चपला ऐकू येत होत्या, आणि मग त्यांचा श्वास. दमेकऱ्याचा धावतानाचा श्वास कसा असतो ते मला चांगलं माहीत आहे. मी गेटबाहेर, चहाच्या टपरीपाशी उभा होतो. टपरीवाला चहा घेऊन आला, मी नको म्हणून हात केला. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्ही कुणावर काढावं ते कळत नव्हतं.

"पडलाय वो!" तात्या ओरडले. "कपाशीत पडलाय. तोंडाला फेस हाय. पंप पाठीवरच हाय."

"श्वास?"

"चालू हाय. गुरगुर वाजून राह्यलाय."

पंप काढा, शर्ट फाडा, कुशीवर करा, उघड्या हाताने धरू नका, जीप बोलवा. मी सांगत गेलो, ते करत गेले. जीप मिळाली. जाफराबादला प्रणिताने उरलेलं सगळं ॲट्रोपिन त्याला दिलं. पण त्याच्या छातीत पाणी भरलं होतं आणि त्या दवाखान्यात व्हेंटिलेटर नव्हता. माझ्या वेळीही नव्हता. तिने श्वासनलिकेत नळी टाकली, ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि जालन्याला पाठवलं.

मी बोरासाहेबांना न सांगता ऑफिसातून निघालो आणि सरकारी हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभा राहिलो. दिवस मावळायला आला होता. ॲम्ब्युलन्सचं दार उघडलं तेव्हा आधी वास आला. तो वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. कडुबाची पँट अजून ओली होती. ॲम्ब्युलन्समधला डॉक्टर पिशवी दाबून श्वास देत होता, पण कडुबाच्या तोंडाकडे बघूनच मला कळलं. आतल्या डॉक्टरांनी प्रयत्न केले. थोड्या वेळाने त्यांनी हात थांबवले.

कंपनीत लागल्यापासून मी फोनवर किती पेशंट ऐकले असतील. प्रत्यक्ष पाहिलेला हा पहिला. सावळा, मध्यम उंचीचा, दाढी दोन-तीन दिवसांची. हातावर मंगलचं नाव गोंदलेलं होतं.

तात्या बाहेरच्या बाकावर इनहेलर ओढत बसले होते. मी शेजारी बसलो.

"तुम्ही जाफराबादलाच असते ना डॉक्टरसाब..." एवढंच म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं.

मला त्यांचा राग आला. मी फोन उचलला नसता तर मंगलही गेली असती, असं त्यांना सुनवावं वाटलं. ते खरंही होतं. पण दवाखान्यात असतो तर मी कडुबाला दाराबाहेर जाऊ दिलं नसतं, हेही खरं होतं. शिव्या घातल्या असत्या, दंडाला धरून खाटेवर बसवलं असतं. त्या भागात मला तो अधिकार होता. तो मी स्वतःच्या हाताने सोडला होता.

दुसऱ्या दिवशी बोरासाहेबांनी रेकॉर्डिंग लावलं. आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. कडुबाचा खोकला स्पीकरवर जास्तच ओला वाटला.

"तुम्ही नातेवाइकाशी बोलले," ते म्हणाले. "इलाज सांगितला. ऑफिस सोडून गेले."

"हो."

"बाई?"

"वाचली. आता तिची तब्येत चांगली आहे."

"ते तर अच्छाच झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट मनाचे नाहीत. "मंग रिपोर्टमध्ये काय लिहिता?"

"दोन पेशंट. एक बरा, एक मृत."

"डॉक्टरसाब, दुसऱ्याकरता कॉलच न्हाई आला. तो पेशंट म्हणून कुठं आहे? तो तर फोनवर बोलला. नातेवाईक म्हणून."

"त्याच ड्रममधलं होतं."

"ड्रममध्ये दुसऱ्या कंपनीचं पण होतं. त्याच्यानंच झालं, हे तुम्हीच रेकॉर्डिंगमध्ये बोलून राह्यले." त्यांनी चष्मा परत लावला. "मला पण झोप न्हाई लागली रात्री. पण याच्यात जागा न्हाई त्याला."

मी वाद घातला. मोठ्याने घातला, बाहेरच्या लोकांनी माना वर केल्या इतका. त्याचा उपयोग झाला नाही. वरून रिपोर्ट मंजूर होऊन आला. एक महिला, फवारणीदरम्यान संपर्क, पूर्ण बरी. केस बंद. मला एक ताकीद मिळाली आणि नातेवाइकांचा नियम आणखी कडक झाला.

प्रणिताचा फोन मात्र माझ्या मोबाईलवर आला. सुरुवातीला ती कामाचंच बोलली. मंगलला सोडलं, पुन्हा ॲट्रोपिन मागवलं. मग एकदम म्हणाली, "सर, मीच त्याला म्हटलं होतं, या डबा घेऊन."

"तुझ्या हातात मरणारी बाई होती. तू तिला वाचवलंस."

"गावातले लोक रोज येऊन विचारतात, त्याला का जाऊ दिलं. भांडत नाहीत. नुसतं विचारतात." मग तिने विचारलं, "तुमच्यासारखं काही मिळेल का हो मला? पगार कमी चालेल."

मी तिला थांब म्हणायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. कोणत्या तोंडाने म्हणणार? मी स्वतः झोपेसाठी पळालो होतो, आणि मी पळालो तेव्हा कुणी मेलंही नव्हतं. मी पुण्याच्या कोडिंगवाल्या मित्राचा नंबर दिला. दिवाळीच्या आधी ती गेली. दवाखान्याचं शटर खाली आलं आणि त्यावर 'भाड्याने देणे आहे' असा कागद लागला. दुसरा डॉक्टर आला नाही.

दिवाळीनंतर ऑपरेटरने आतल्या लाइनवर मला विचारलं, "सर, जाफराबादकडची एक बाई आहे. डॉक्टर नाही. प्रॉडक्टची विल्हेवाट विचारतेय. मी मजकूर वाचला, पण ती फोन ठेवत नाहीये."

"द्या."

"साहेब, मी मंगल बोलून राह्यले."

तब्येत कशी आहे, असं काहीतरी मी विचारलं.

"बरी हाय. हातात मुंग्या येत्यात अजून." मग म्हणाली, "साहेब, तो ड्रम तसाच हाय वावरात. कुणी हात लावंना. दीरानं वरून पत्रा ठेवलाय. आता हरभऱ्याला ड्रम लागतो ना. पोरं बी तिकडंच खेळत्यात. मंग म्हनलं इचारावं, ओतून द्यू का वढ्यात? का अजून चालंल फवारायला?"

"हात लावू नका. अजिबात नाही. पोरांना लांब ठेवा."

"दवाखान्यात इचारायला गेल्ते. तर दवाखाना बंद हाय. मंग कुणाला इचारावं? बाटलीवर ह्यो नंबर होता."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. खरंच कुणाला विचारावं, एवढंच तिला विचारायचं होतं.

मी बोरासाहेबांकडे गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते म्हणाले, "प्लांटची गाडी घ्या. दोन माणसं घ्या, हातमोजे घ्या. गेटवर सँपल आणायला चाललो म्हणा." आम्ही ड्रम आणला. पत्रा उचलला तेव्हा वास अजून तसाच होता. आत खरंच अर्धा होता. मंगल बांधावर उभी राहून बघत होती. आम्ही निघताना तिने चहा विचारला. घेतला.

मी अजून याच नोकरीत आहे. झोप लागते, पण जाफराबादला लागायची तेवढीच. लोक करिअर बदलायचं म्हणून सल्ला विचारायला येतात, त्यांना मी पगार, सुट्ट्या, कामाचे तास सगळं नीट सांगतो. उगाच शहाणपण शिकवत नाही. फक्त एक बदल माझ्यात झाला आहे आणि तो नियमात बसत नाही. दवाखान्यातून फोन आला की बाटलीचं नाव आणि बॅच नंबर विचारायच्या आधी मी विचारतो, "सोबत कोण आलंय, आणि ड्रम संपला का?"

पलीकडचा डॉक्टर गोंधळतो. मग मागे वळून विचारतो. पुष्कळदा उत्तर मला फोनवरूनच ऐकू येतं.

"न्हाई. अर्धा राह्यलाय."